शेष, विशेष आणि मसलत

'विद्यार्थ्यांसाठी विशेष शिक्षण नियोजन सल्लागार मंडळ.' कागदावर हे नाव कुणालाही सहज लिहिता येतं. पेडण्याच्या बाजारात उभं राहून ते एका दमात म्हणून पाहा. दुसऱ्या बैठकीपर्यंत त्याचं 'सल्लागार' होईल आणि चौथ्या बैठकीला नुसतं 'मीटिंग'. लांब नावांचं असंच होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण गोव्यातल्या पेडणे आणि डिचोली या तालुक्यांसाठी असं मंडळ खरोखरच स्थापायचं ठरलं, तर त्याच्या नावातला एकेक शब्द आधी उलटून पाहावा असं मला वाटतं. यातला 'सल्ला' अरबी, त्याला जोडलेला 'गार' फारसी, बाकीचे शब्द संस्कृत. आणि मंडळ जिथे बसायचं त्या जागेवर पोर्तुगीजचा एक थर. यातल्या काही शब्दांचे जुने अर्थ या कामाला आजच्या अर्थांपेक्षा जास्त उपयोगी पडतील असे आहेत.

कायद्याची चौकट आधीच सांगून टाकतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये मंजूर झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यानुसार प्रत्येक राज्यात एक राज्य सल्लागार मंडळ असावं लागतं. खात्याचा मंत्री त्याचा अध्यक्ष. गोव्यासारख्या, विधान परिषद नसलेल्या राज्यात विधानसभेतून निवडलेले तीन आमदार, काही तज्ज्ञ, आणि संस्था-संघटनांचे दहा प्रतिनिधी, तेही शक्यतो स्वतः दिव्यांग असलेले. सहा महिन्यांतून एकदा तरी बैठक व्हायलाच हवी. त्याखाली जिल्हास्तरीय समिती. तिथून कायदा थेट शाळेच्या पायरीवर उतरतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक हवेत, त्यांतही वंचित गटातल्या मुलांच्या पालकांना प्रमाणात जागा हवी, आणि २०१२ च्या दुरुस्तीनं दिव्यांग मुलं या गटात आली. म्हणजे राज्य आहे, जिल्हा आहे, शाळा आहे. मधला तालुका निसटला.

आणि गैरसोयीचा खरा पत्ता तालुकाच असतो. तेरेखोल पेडण्यात असलं तरी मध्ये नदी आहे, केरीहून फेरीबोट धरावी लागते. डिचोलीत केशव सेवा साधनेची विशेष शाळा आहे, पर्वरीला संजय स्कूल, फोंड्यात लोकविश्वास प्रतिष्ठान. कुठल्या मुलाला यांपैकी कुठे पाठवायचं, कुणाला गावच्याच शाळेत ठेवून विशेष शिक्षकाला त्याच्यापर्यंत न्यायचं, गाडी कोणत्या वाटेनं फिरवायची, भागशिक्षणाधिकाऱ्यानं कुणाची नोंद कुठे करायची: हे हिशेब पणजीत बसून जुळत नाहीत, आणि एकट्या शाळेच्या आवाक्यातलेही नसतात.

आता शब्द. सुरुवात 'सल्ला'पासून करू, कारण मंडळाचं सगळं वजन त्याच्यावर आहे. अरबीत शब्द तीन व्यंजनांच्या सांगाड्यावर उभे राहतात. स-ल-ह या सांगाड्याचा गाभा म्हणजे ठीक असणं, सुस्थितीत असणं. त्यातून 'सलाह', म्हणजे चांगलेपणा. 'सुल्ह', म्हणजे तह. 'इस्लाह', म्हणजे सुधारणा, दुरुस्ती. उर्दू शायर उस्तादाकडे गझल घेऊन जातो तो इस्लाहसाठीच. आणि याच घरातली 'मस्लहत', म्हणजे ज्यात भलं आहे ती गोष्ट. फारसीच्या वाटेनं मराठीत आले ते सल्ला आणि मसलत. आपण ते जोडून 'सल्लामसलत' म्हणतो तेव्हा एकाच आजोबाची दोन नातवंडं शेजारी बसवतो.

मराठीत मात्र या नातवंडांचे स्वभाव वेगळे झाले. सल्ला देतात किंवा घेतात. दिला की देणारा मोकळा, घेणारा तो पाळायला बांधील नाही. म्हणून तर 'फुकटचा सल्ला' हा वाक्प्रचार. मसलत देता येत नाही, ती करावी लागते, आणि एकट्यानं करता येत नाही. पेशवाईच्या पत्रव्यवहारात तर मसलत म्हणजे हाती घेतलेलं मोठं काम, मोहीमसुद्धा. कुणाला विचारायचं, काय ठरवायचं, पैका कुठून उभा करायचा आणि कूच कधी करायचं, हे सगळं एका शब्दात मावत असे. आजच्या नावातले 'नियोजन' आणि 'सल्लागार' हे दोन शब्द मिळून जे सांगू पाहतात ते मसलत एकटी सांगत होती. पुढे तिला किंचित कटाचा वास लागला. 'त्यांच्या काय मसलती चालल्या आहेत' असं आपण संशयानंच म्हणतो. यात तिच्यावर अन्याय झाला, कारण बंद दाराआडच्या गोष्टीसाठी मराठीकडे स्वतंत्र शब्द होता: खलबत. तो अरबी 'खल्वत'वरून, म्हणजे एकांतावरून आला. किल्ल्यांवर खलबतखाने असत. मसलतखाना कधी ऐकला नाही.

'गार' हा फारसी प्रत्यय 'करणारा' अशा अर्थाचा. गुन्हेगार आणि सल्लागार हे प्रत्ययानं सख्खे भाऊ. कचेरीतला फरक एवढाच की गुन्हेगाराची सही घेतात, सल्लागाराची घेत नाहीत. मंडळानं सल्ला दिला, अहवाल दिला, आणि तो 'विचाराधीन' राहिला, ही त्याची ठरलेली वाट. अमेरिकेत विशेष शिक्षणासाठी राज्य पातळीवर सल्लागार पॅनेल कायद्यानंच बंधनकारक आहे. तिथेही अधिकार सल्ल्याचाच आहे, पण एक अट घातली आहे: बहुसंख्य सदस्य स्वतः अपंगत्व असलेले किंवा अशा मुलांचे पालक असले पाहिजेत. आपल्या कायद्यात राज्य मंडळासाठी 'शक्यतो' आहे. ही बहुमताची अट त्या एका क्रियाविशेषणापेक्षा बरीच जड आहे.

आता मंडळाचा 'मंडळ'. मंडल म्हणजे वर्तुळ. मराठीनं त्यातून मंडळी काढली, आणि जुन्या वळणाचा नवरा बायकोलाही 'मंडळी' म्हणत असे. पुढे महामंडळही काढलं, ज्यात वर्तुळ उरलं नाही, फक्त खुर्च्या उरल्या. 'समिती' म्हणजे एकत्र येणं. अथर्ववेदात सभा आणि समिती यांना प्रजापतीच्या मुली म्हटलं आहे. 'परिषद' म्हणजे भोवती बसणं. मनुस्मृतीत धर्मनिर्णयासाठी जी परिषद सांगितली आहे, तिच्या दहा जणांत वेद जाणणारे, तर्कशास्त्री, धर्मपाठक यांच्याबरोबर एक निरुक्त जाणणाराही आहे. म्हणजे शब्दांची मुळं शोधणाऱ्याला तिथे राखीव जागा होती. आजच्या कुठल्याही सल्लागार मंडळावर ती नाही, आणि या लेखानंतरही मिळेल असं वाटत नाही.

गोव्यात एकत्र बसण्याची स्वतःची परंपरा आहे: गांवकारी, जिला पोर्तुगीजांनी कोमुनिदाद म्हटलं. तिच्यात घराण्यांचे गट असत, त्यांना वांगड म्हणत, आणि बोलण्याचा, बसण्याचा मान वांगडांच्या क्रमानं ठरे. गावचा मूळ गांवकार नसलेल्याला तिथे आवाज नव्हता. कोंकणीत 'वांगडा' म्हणजे बरोबर, सोबत. आणि संस्थेच्या सदस्याला कोंकणीत 'वांगडी' म्हणतात. घराण्याचा वांगड, सोबतीचा वांगडा आणि सदस्याचा वांगडी यांचं नातं ऐकताक्षणी जाणवतं. आपला 'सदस्य' म्हणजे सदसात, सभेत बसणारा. बसलेला माणूस झोपलेलाही असू शकतो. वांगडी मात्र सोबत असतो. हा शब्द मराठीनं उसना घ्यायला हरकत नाही. पेडण्याच्या माणसाला तो परका वाटणार नाही.

पण या दोन तालुक्यांची सगळ्यात सुरस गोष्ट तालुका या शब्दाभोवतीच आहे. सावंतवाडीकरांच्या काळात हे 'महाल' होते, पेडणे महाल, आणि डिचोलीच्या भागाचं जुनं नाव भतग्राम. महाल हाही अरबी, अर्थ साधा: ठिकाण. १७८१ ते १७८८ च्या दरम्यान डिचोली, सत्तरी आणि पेडणे पोर्तुगीजांकडे गेले आणि 'नव्या काबिजादीं'त मोडू लागले. पोर्तुगीज प्रशासनानं पुढे अशा विभागांना नाव दिलं 'कोंसेल्यु'. मुक्तीपूर्वीच्या नकाशांवर पेडणे हे एक कोंसेल्यु, डिचोली हे एक. आणि गंमत इथेच आहे. पोर्तुगीजमध्ये हुबेहूब याच उच्चाराचा दुसरा शब्द आहे, त्याचा अर्थ सल्ला, आणि सल्लागार मंडळही. लिहिताना एकात 'सी' आणि दुसऱ्यात 'एस', कानाला फरक शून्य. मुळंही दोन: पहिला लॅटिनमधल्या 'एकत्र बोलावणं' या अर्थाच्या शब्दातून आला, दुसरा विचारविनिमय या अर्थाच्या. इंग्रजीतही कौन्सिल आणि कौन्सेल ही जोडी अशीच भांडत बसते. म्हणजे सुमारे पावणेदोनशे वर्षं पोर्तुगीज राजवटीत राहिलेल्या या भूभागाला कानांनी ऐकलं, तर तालुका आणि सल्लागार मंडळ एकच होते. लिस्बनला १६४२ पासून 'कोंसेल्यु उल्त्रामारिनु' हेही होतं, समुद्रापलीकडच्या वसाहतींबद्दल राजाला सल्ला देणारं. ज्यांच्याबद्दल सल्ला द्यायचा त्यांना न पाहता तो कसा देतात, याचा तो मोठा नमुना म्हणता येईल.

१९६१ नंतर 'तालुका' आला. अरबीत 'तअल्लुक' म्हणजे संबंध, जोडलेलं असणं. मूळ धातूचा अर्थ लटकणं, चिकटून असणं. मराठीत 'ताल्लुक' फारसा रुळला नाही, तालुका रुळला. ठिकाण, मग एकत्र बोलावणं, मग संबंध. पेडणे आणि डिचोलीची माती तीच राहिली, तिच्या पाट्यांवर हे तीन अर्थ येऊन गेले. विशेष शिक्षणाच्या कामाला ठिकाणापेक्षा बाकीच्या दोन अर्थांची गरज आहे.

मग 'विशेष'. याचा विशाल, विश्व, प्रवेश यांच्याशी संबंध नाही, जरी कानाला तसं वाटलं. धातू 'शिष्', म्हणजे मागे ठेवणं, उरणं. शेष त्याचाच, अवशेष त्याचाच. उच्छिष्टही त्याचंच, आणि उच्छिष्टाचं मराठीत झालं 'उष्टं'. विशेष आणि उष्टं एका मुळाचे आहेत हे पहिल्यांदा लक्षात येतं तेव्हा जरा दचकायला होतं. 'वि' लागला की उरणं वेगळं होतं: इतरांपासून निवडून बाजूला राहिलेलं ते विशेष. कणादाच्या वैशेषिक दर्शनाचं नावच यावरून पडलं. त्यात 'विशेष' ही एक पदार्थकोटी आहे: दोन परमाणू बाकी सगळ्या बाबतींत सारखे असले तरी एकाला दुसऱ्यापासून वेगळं ठेवतो तो विशेष. म्हणजे दर्शनकारांच्या मते प्रत्येक परमाणू विशेष आहे. आपल्या शाळाखात्यात फक्त काही मुलं विशेष असतात, बाकीची सामान्य.

इंग्रजी 'स्पेशल' वेगळ्या गावचा. तो लॅटिनमधल्या 'पाहणे' या धातूवरून आला. दिसण्यावरून जात ठरली, जातीवरून वेगळेपण. एका भाषेनं दिसण्याला धरलं, दुसरीनं वाटणी झाल्यावर उरण्याला. विशेष शिक्षणाचा प्रत्यक्ष इतिहास पाहिला तर दोन्ही भाषांनी खरंच सांगितलं आहे. मुलं आधी दिसण्यावरून ओळखली गेली, मग वर्ग भरल्यावर उरली ती विशेष शाळेत गेली. १९९४ साली स्पेनमधल्या सालामांका शहरात जागतिक परिषद भरली आणि सामान्य शाळाच सगळ्यांसाठी उघडाव्यात असं ठरलं, तेव्हा पहिल्यांदा या उरण्यावर मोठं प्रश्नचिन्ह लागलं.

रोजच्या मराठीत 'विशेष'चं आयुष्य आणखी मजेदार आहे. वाटेत कुणी भेटलं की आपण विचारतो, 'काय विशेष?' आणि उत्तर येतं, 'काही विशेष नाही.' हे उत्तर सुखाचं असतं. विशेष काही घडलेलं नसणं हीच ख्यालीखुशाली. नव्या लग्नाच्या घरात 'काही विशेष?' विचारलं तर तो वेगळाच प्रश्न. ज्या भाषेत 'काही विशेष नाही' ही शुभवार्ता आहे, त्या भाषेत मुलाला विशेष म्हटल्यावर आईच्या पोटात काय होत असेल, हे शब्द ठरवणाऱ्यांच्या ध्यानात आलेलं दिसत नाही.

कोंकणीत विशेषला 'खाशेलें' म्हणतात. त्याचं मूळ अरबी 'खास', आणि मराठीत त्याची जुनी शान मोठी. खासा म्हणजे स्वतः मालक. खाशी स्वारी म्हणजे राजाची किंवा पेशव्याची स्वतःची स्वारी. खासगी म्हणजे धन्याच्या घरचा कारभार, ज्याच्यावर खासगीवाले नेमलेले असत. आज खासगी म्हणजे सरकारी नसलेलं, एवढंच उरलं. तरी 'खाशेलें भुरगें' हा शब्दप्रयोग कानावर पडतो तेव्हा मला त्यात विशेषपेक्षा थोडी ऊब जाणवते. कदाचित ती माझ्या कानांची खोड असेल.

'शिक्षण'कडे येऊ. इथे संस्कृत व्याकरणानं एक सुंदर गोष्ट जपून ठेवली आहे. शिक्ष् हा धातू म्हणजे मूळचं 'शक्'चं इच्छादर्शक रूप मानतात. शक् म्हणजे समर्थ असणं. पिपासा म्हणजे पिण्याची इच्छा, जिज्ञासा म्हणजे जाणण्याची इच्छा, तशी शिक्षा म्हणजे जमावं अशी इच्छा. सहा वेदांगांत शिक्षा हे उच्चारशास्त्र. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. मराठीत शिक्षा म्हणजे दंड. का, ते जुन्या पंतोजींना माहीत असणार. २०१८ पासून केंद्राची योजना 'समग्र शिक्षा' या नावानं सुरू आहे. मराठी शाळेच्या भिंतीवर ही पाटी पाहिली की पहिलीतल्या मुलाला ती संपूर्ण शिक्षेची धमकी वाटली तर त्याची चूक नाही.

शक् हा धातू मराठीत मेलेला नाही. 'शकणे' होऊन तो आपल्या प्रत्येक तिसऱ्या वाक्यात आहे. आणि मुलाच्या तपासणीचा अहवाल उघडा: तो वाचू शकत नाही, ओळीत लिहू शकत नाही, एका जागी बसू शकत नाही. ज्या धातूनं शिक्षण जन्माला घातलं तोच धातू त्या कागदावर ओळीमागून ओळ नकार होऊन उभा असतो. 'अक्षमता'ची गोष्ट त्याहून निराळी. क्षम् म्हणजे सोसणं, सहन करणं, क्षमा त्याचीच. क्षमता म्हणजे आधी सोसण्याची ताकद, मग कुठलीही ताकद. या अर्थानं घेतलं तर अशा मुलांच्या घरात क्षमतेचा तुटवडा कधीच नसतो.

आता मुलांना दिलेली नावं. इथे मराठी शंभर वर्षं कपडे बदलते आहे. 'पंगू' म्हणजे लंगडा. मग 'अपंग' म्हणजे लंगडा नसलेला व्हायला हवा होता. काहीजण तिथे अप आणि अंग असं तोडून पाहतात. 'विकलांग'मध्ये विकल आहे, म्हणजे कला, अंश कमी असलेला; कला म्हणजे सोळावा भाग, चंद्राच्या कला आठवा. 'मतिमंद' आणि 'गतिमंद' ही विसाव्या शतकातली शासकीय जोडी. मंद हा शब्द एकेकाळी इतका वाईट नव्हता: रघुवंशाच्या आरंभी कालिदास स्वतःलाच मंद म्हणवून घेतो, आणि शनीचं एक नाव मंद, कारण तो हळू चालतो. आपण त्या विशेषणाची शिवी केली आणि मग ती शिवी सरकारी प्रमाणपत्रावर छापली. आता तिथे 'बौद्धिक अक्षमता' आहे.

'कर्णबधिर' हा शब्द मला नेहमी विचारात पाडतो. बधिर म्हणजेच बहिरा. बहिरा त्याचाच प्राकृतातून उतरलेला. मग कर्ण कशाला? कारण मराठीत बधिर हळूहळू सुन्न या अर्थाकडे सरकला, दात काढताना हिरडी बधिर करतात. तेव्हा कानाचा बधिर म्हणून वेगळं सांगावं लागलं. त्याआधीचा 'मूकबधिर' गेला ते फार चांगलं झालं, कारण ऐकू न येणारं मूल मुकं नसतं, त्याला हातांची भाषा असते. भारतीय सांकेतिक भाषेसाठी २०१५ साली दिल्लीत स्वतंत्र राष्ट्रीय केंद्र झालं. कोंकणीतला मुक्यासाठीचा शब्द 'मोनो' हा मौनावरून आला असावा, आणि त्यात निदान दोष नाही, गप्प असणं आहे. 'स्वमग्न' हा शब्द मात्र पालकांना खुपतो. ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञानं विसाव्या शतकाच्या आरंभी ग्रीक 'स्व'वरून जो शब्द घडवला त्याचं हे मराठी रूप. मुलाच्या आत डोकावून न पाहता ते स्वतःत बुडालं आहे असं हा शब्द ठरवून टाकतो. बऱ्याच मुलांच्या बाबतीत आवाज, उजेड, गर्दी हे बाहेरचं जग फार जास्त आत येतं, ही अडचण असते. शब्द नेमका उलट्या दिशेला तोंड करून उभा आहे.

'दिव्यांग' हा सगळ्यात नवा. २०१५ च्या डिसेंबरमध्ये पंतप्रधानांनी रेडिओवरच्या भाषणात तो सुचवला, पुढच्या वर्षी केंद्राच्या खात्याच्या नावात तो बसला, महाराष्ट्रात २०२२ साली दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग झाला. अनेक संघटनांनी आक्षेप घेतला की शरीराला दिव्य म्हटल्यानं रॅम्प बांधला जात नाही. आक्षेप बरोबर आहे. पण शब्द रुळला. गोव्यात २०२३ च्या जानेवारीत दिव्यांगांसाठी पहिला पर्पल फेस्ट झाला, तेव्हा नावासाठी आयोजकांनी सरळ एक रंग निवडला आणि शरीराच्या वर्णनाला बगल दिली. मला ती युक्ती आवडली. रंगाला उपसर्ग लागत नाहीत.

'नियोजन'बद्दल फार बोलण्यासारखं नाही. युज् म्हणजे जोडणं, जू त्यातलंच, योग त्यातलाच. नियोजन म्हणजे कामाला जुंपणं. कुणाला कशाला जुंपायचं ते मंडळानं ठरवावं.

नावात नसलेला एक शब्द मात्र सगळ्यात जास्त वापरला जाईल: समावेशन, समावेशक. सम्, आ आणि विश्, म्हणजे सगळ्यांनी मिळून आत येणं. याच विश् धातूचा 'प्रवेश'. जून महिन्यात शाळा प्रवेश देते. प्रवेश म्हणजे दारातून आत घेतलं, हजेरीपटावर नाव आलं. पण शेवटच्या बाकावर, खिडकीशी, हातात रंगपेटी देऊन बसवलेल्या मुलाचा प्रवेश झालेला असतो आणि समावेश झालेला नसतो. कागदावर दोन्ही एकच आकडा म्हणून जातात. मंडळाला एकच तपासणी करायची झाली तर मी हीच सुचवेन.

आणि दुसरी भाषेची. पेडण्याचा मुलगा घरी जी भाषा बोलतो ती सिंधुदुर्गातल्या मालवणीच्या जवळची आहे. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर पेडण्याचेच. १९६३ नंतर त्यांच्या सरकारनं गावोगाव प्राथमिक शाळा उघडल्या, आणि या दोन तालुक्यांत त्या बहुतांश मराठी माध्यमाच्या. त्या मुलाला शाळेत मराठी, शेजारी कोंकणी, शिवाय इंग्रजी. १९८७ च्या कायद्यानं देवनागरी कोंकणी राजभाषा झाली, मराठीच्या वापराचीही तरतूद राहिली. अशा मुलाला वाचता येत नाही, तेव्हा अडचण अक्षरांची की भाषांतराची? 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' ठरवण्यासाठी मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं २०१५ साली 'डाली' ही चाचणी काढली, ती सुरुवातीला हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत होती. म्हणजे मराठी माध्यमातल्या पेडणेकर मुलासाठी एक साधन निघालं. पण ते साधन हातात घेणाऱ्या शिक्षिकेला मुलाची घरची बोली कळायला हवी, नाहीतर 'गो', 'रे' आणि 'खंय' यांच्याच खात्यावर दोन-चार चुका लागतील. (विशिष्ट आणि विशेष हेही एकाच धातूचे, हे जाता जाता.)

त्यामुळे मंडळात पालक, दिव्यांग व्यक्ती, विशेष शिक्षक आणि भागशिक्षणाधिकारी यांच्याबरोबर या मातीतली बोली जाणणारा एक माणूस असावा. मनूच्या परिषदेतली ती निरुक्ताची खुर्ची या निमित्तानं परत मिळेल, हा माझा स्वार्थ आहेच. बैठकीच्या नोंदीला आपण 'इतिवृत्त' म्हणतो: इति, असं, वृत्त, घडलं. ते इंग्रजीत लिहिलं गेलं तर हरमलच्या किंवा लाटंबार्सेच्या आईला काय घडलं ते कुणाकडून तरी समजून घ्यावं लागेल. मराठीत किंवा कोंकणीत लिहिलं तर ती स्वतः वाचेल आणि पुढच्या बैठकीत विचारील की गेल्या वेळी ठरलेली गाडी अजून का सुरू झाली नाही.